टीव्ही तुमचा, अस्वल माहं

टीव्हीतल्या माणसाला मध्येच गप्प बसवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. टीव्हीतला निवेदक भारदस्त हिंदीत सांगत होता की मादी अस्वल आता आपल्या गुहेत विश्राम करत आहे, आणि ही दारातून, हातातला झारा तसाच धरून म्हणाली, "विश्राम कायचा बाप्पा, बाळंतीन हाय ते." पहिलीपासून चौथीपर्यंतची सगळी लेकरं एकदम मागे वळली. त्या दिवशी टीव्हीतला माणूस हरला तो कायमचाच.

लेकरं पुढे तिला बर्फमाय म्हणू लागली. तिने उभ्या जन्मात बर्फ पाहिला तो मेडशीच्या बाजारात, गोळेवाल्याच्या गाडीवर. ती गेली त्याला आता चार महिने झाले. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिच्या फोटोखाली कोणीतरी लिहिलं, की माजी मुख्याध्यापक गुरुजींच्या मार्गदर्शनाखाली मावशींनी मुलांना वऱ्हाडीतून ज्ञान दिलं, एका साध्या स्वयंपाकी बाईला गुरुजींनी मोठं केलं. त्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग. ते गुरुजी म्हणजे मी. मला अडुसष्टावं चालू आहे, आणि माझ्या डोळ्यांदेखत हे खोटं रूढ होत चाललं आहे. मी तिला मोठं केलं नाही. तिचं होतं ते मी घेतलं आणि वर तिला शाळेबाहेर काढलं. मुलगा म्हणतो, बाबा, लोक तुम्हाला चांगलं म्हणताहेत, कशाला उकरता. लोक चांगलं म्हणताहेत म्हणूनच उकरायचं आहे.

गोष्ट दहाएक वर्षांपूर्वीची. तेव्हा शाळा डिजिटल करण्याची चढाओढ लागली होती. मेडशी फाट्यावरून आत आमचं गाव. गावानेही मिळून शाळेला भिंतीवर लावायचा मोठा टीव्ही घेऊन दिला. आता त्यावर दाखवायचं काय, हा प्रश्न. आमचे एक तरुण शिक्षक पेन ड्राइव्हवर एक माहितीपट घेऊन आले. उत्तर ध्रुवाकडचे प्राणी आपली पिल्लं कशी वाढवतात, असा त्याचा विषय. पांढरी अस्वलं, सील, कोल्हे, लांब केसांचे गवे, समुद्रकाठची बदकं. चित्रण असं की माणसाने बघत राहावं. निवेदन असं की आमच्या लेकरांना त्यातलं 'भालू' सोडून काही कळेना. घरी-दारी वऱ्हाडीच बोलणारी ती लेकरं. दहा मिनिटांत पुढची रांग जांभया देऊ लागली आणि मागची रांग एकमेकांच्या कानात काड्या घालू लागली. तेव्हा दारातून ते बाळंतिणीचं वाक्य आलं. तरुण शिक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यांनी आवाज बंद केला. ती झारा घेऊनच आत आली आणि शेवटपर्यंत बोलत राहिली. खिचडी त्या दिवशी खाली लागली. एकाही लेकराने तक्रार केली नाही.

ती माळ्याची. ओढ्याकाठी तिचं दीड एकर बागाईत. वांगी, मुळा, मेथी, फूलकोबी. पहाटे भाजी काढायची, दहाला शाळेत यायची, चारला परत वावरात. नवरा सुरतेला कामाला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. दोन मुली तिने एकटीने वाढवल्या, उजवल्या. कोणी हळहळत विचारलं की ती म्हणायची, "गेला तं गेला. वांगे काही थांबले नाई त्याच्यासाठी." शाळेची पायरी ती चढली तीच मुळी खिचडी शिजवायला, पण पाहण्यात तिचा हात धरणारा आमच्या केंद्रातल्या एकाही शिक्षकात नव्हता. मी स्वतःला त्यात धरून सांगतो.

पडद्यावर कोणताही प्राणी आला की आधी तो उपाशी आहे की जेवलेला, हे ती ठरवायची. बाकीची माहिती नंतर. "पाहा, पोट कसं पाठीले लागलं," ती म्हणायची, आणि लेकरं पोट पाहू लागायची. बदकाची मादी आपल्या छातीची पिसं उपटून घरट्यात अंथरते, असा एक भाग होता. त्यावर ती म्हणाली, "सोताचं अंग उघडं करून लेकराले झाकून राह्यली. घरी गेल्यावर मायच्या पोलक्याची बाही पाहा, किती जागी शिवली हाय ते." दुसऱ्या दिवशी तिसरीतल्या एका मुलीची आई मला रस्त्यात भेटली. म्हणाली, गुर्जी, पोट्टी रात्री माही बाही हातात धरून रडली, शाळेत काय शिकवून राह्यले तुमी. मी हसलो आणि पुढे गेलो. हे शिकवणं माझं नाही, एवढं म्हणायला मला तेव्हाही जमलं असतं.

लांडगे येताच गवे आपल्या पिल्लांभोवती गोल कडं करून उभे राहतात, तो भाग लेकरांना फार आवडायचा. तो लागला की ती झारा काठीसारखा टेकवून सांगायची, "शिंगं भाईर, लेकरं आत. गाव बी असंच असाले पायजे. आपल्या इथी उलटं हाय. लेकरं भाईर अन शिंगं आत, एकमेकाईच्या बरगडीत." हे वाक्य शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांच्या कानावर गेलं. ते आपल्यालाच उद्देशून आहे, असं त्यांना वाटलं. बहुधा होतंच. अध्यक्ष तिच्याच भाऊबंदांपैकी, ओढ्याच्या पाण्यावरून तिच्याशी वाकडे. ती त्यांना भाऊ म्हणायची, आणि त्यांना पाहून डोक्यावरचा पदर सावरायची नाही.

पण सगळ्यात जपायची ती अस्वलीला. ही मादी हिवाळ्याच्या तोंडाशी बर्फात बीळ करते, आत शिरते, तिथेच तिला पिल्लं होतात, आणि काही महिने ती अन्नाचा कण न खाता त्यांना दूध पाजते. हे ऐकून बर्फमाय म्हणाली, "म्हंजे बाळंतिनीची खोली." आणि तेव्हापासून तो भाग लावायचा म्हटलं की तिचे नियम सुरू झाले. लेकरांनी चपला बाहेर काढायच्या. खिडक्यांना पोती लावायची. कोणी खोकायचंसुद्धा पदरात, म्हणजे बाहीत. आणि वर्गाच्या दाराच्या कडीला ती कडुलिंबाचा डहाळा खोवायची. आपल्याकडे बाळंतिणीच्या दारावर खोवतात तसाच. मी एकदा विचारलं, मावशी, हे कशाला. ती म्हणाली, "भाईरून येनाऱ्याले कळाले पायजे ना गुर्जी, आत नाजूक जीव हाय म्हनून. वाघ असो का अस्वल, बाळंतीन ते बाळंतीन." ज्या वर्गात मी छडी आपटून शांतता करू शकत नव्हतो, तिथे त्या डहाळ्याखाली टाचणी पडली तर ऐकू येई. पहिलीतली लेकरंसुद्धा श्वास धरून बसायची. अस्वली बिळातून डोकं बाहेर काढायची तेव्हा लेकरांचा एकदम सुस्कारा सुटायचा, आणि बर्फमाय म्हणायची, "झाला सव्वा महिना." महिन्यांचं गणित चुकीचं होतं. मी ते कधी सुधारलं नाही. तेवढी एकच गोष्ट मी शहाणपणाने केली.

एकदा मात्र ती माहितीपटावरच भडकली. अस्वली दोन पिल्लं घेऊन समुद्राकडे निघते, वाटेत एक पिल्लू मागे पडतं, बसतं, आणि मग उठतच नाही. कॅमेरा त्याच्यावर बराच वेळ थांबतो. लेकरं मुसमुसू लागली. तिने तरुण शिक्षकांना चित्र थांबवायला सांगितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हा फोटो काढनारा कोठी उभा व्हता?" मी म्हटलं, असेल तिथेच, थोडा लांब. "मंग यानं काहून नाई उचललं?" मी तिला समजावलं, की अशा लोकांचा नियम असतो, निसर्गात ढवळाढवळ करायची नाही, फक्त पाहायचं. तिने त्या थांबलेल्या चित्राकडे झारा रोखला. म्हणाली, "नेम असंलच. उभा राहून पाहनाऱ्याजोळ नेम असतेच, गुर्जी." मग लेकरांकडे वळून तिने पुढचं सांगायला घेतलं.

मी हे वाक्यही उतरवून घेतलं. होय, उतरवून. कारण एव्हाना माझ्या हाती एक वही आली होती. ती बोलायची तेव्हा मी मागच्या बाकावर बसून शब्दन् शब्द टिपायचो. लोकांना वाटलं, गुरुजी कौतुकाने टिपताहेत. पहिले आठ दिवस खरोखर कौतुकच होतं. मग जिल्ह्याच्या नवोपक्रम स्पर्धेचं पत्र आलं. शिक्षकांनी आपण राबवलेला नवा शैक्षणिक उपक्रम लिहून पाठवायचा. माझी निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत भिंतीवर लावावं असं काही मिळालं नव्हतं. मी वही उघडली आणि अहवाल लिहायला बसलो. नाव दिलं 'मायबोलीतून ध्रुवाकडे'. त्यात लिहिलं, की मुख्याध्यापकांनी माहितीपटाचे वऱ्हाडी निवेदन तयार केले व सादर केले. लिंबाच्या डहाळ्याला मी 'वातावरणनिर्मिती' असं नाव दिलं आणि त्यावर एक परिच्छेद लिहिला. बर्फमायचा उल्लेख एकाच ठिकाणी होता: 'शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकी यांचेही सहकार्य लाभले.' बेचाळीस पानांत माझी स्वतःची अशी एकच भर होती. मी त्यात पेंग्विन घातला. माहितीपटात पेंग्विन नव्हता, बर्फमायने कधी पेंग्विनचं नाव घेतलं नव्हतं, आणि उत्तर ध्रुवाकडे पेंग्विन असतच नाही. परीक्षकांपैकी कोणाच्या ते लक्षात आलं नाही. चूक मात्र अस्सल माझी होती.

अहवाल पाठवला. त्यानंतर महिनाभराने शाळा तपासायला एक साहेब आले, न कळवता. तरुण शिक्षक त्या दिवशी प्रशिक्षणाला गेले होते, मी ऑफिसात कागद लावत होतो. साहेब थेट वर्गाकडे गेले. त्यांना दाराबाहेर ओळीने मांडलेल्या चपला दिसल्या. कडीला लिंबाचा डहाळा दिसला. दार ढकललं तर आत अंधार, खिडक्यांना पोती, लेकरं डोळे विस्फारून बसलेली, आणि पुढे उभी राहून एक बाई कुजबुजत्या आवाजात काहीतरी म्हणते आहे. टीव्हीवर त्या वेळी नुसतं बर्फाचं पांढरं मैदान होतं, काही हलत नव्हतं. साहेबांना काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. त्यांनी मोठ्याने विचारलं, हे काय चाललं आहे. मी धावत पोहोचलो तेवढ्यात तिने ओठांवर बोट ठेवून त्यांना सांगितलं, "हळू बोला सायेब. बाळंतीन हाय आत."

साहेबांनी मला व्हरांड्यात घेतलं. शाळेत हे अंगात-बिंगात आणण्याचे प्रकार कधीपासून चालू आहेत, लिंबाचा पाला बांधून ही बाई मुलांवर काय करते, आणि हे तुमच्या परवानगीने आहे का. मी फक्त खरं सांगायचं होतं. पाच मिनिटं लागली असती. माझ्या कपाटात त्याच डहाळ्याचं कौतुक करणारा बेचाळीस पानी अहवाल ठेवलेला होता. पण तो काढला असता तर निवेदन कोण करतं, हेही साहेबांनी नुकतंच डोळ्यांनी पाहिलं होतं. मी म्हणालो, "नाही साहेब, मला कल्पना नव्हती. स्वयंपाकी बाई आहे, परस्पर शिरली असेल." मला नोकरीची भीती नव्हती, कोणी मला काढणार नव्हतं. मला तो पुरस्कार हवा होता, एवढंच. दार उघडं होतं. तिने ऐकलं. ती वर्गातच उभी राहिली आणि लेकरांना अस्वली बाहेर येईपर्यंतचं सगळं सांगून मगच बाहेर आली.

साहेब तिला काढा असं म्हणाले नव्हते. "बघा जरा," एवढंच म्हणून गेले. काढलं आम्ही. अध्यक्षांनी दोन दिवसांत समितीची बैठक घेतली. सातजण होतो. अध्यक्षांना पाण्याचा राग काढायचा होता, मला माझा अहवाल झाकायचा होता, उरलेल्या पाचजणांना घरी जाऊन जेवायचं होतं. 'अंधश्रद्धेला खतपाणी घालणारे वर्तन' हे शब्द माझे. ठरावाचं सगळं अक्षर माझं. पहिली सही अध्यक्षांची, दुसरी सचिव म्हणून माझी. तिला बोलावून तिचं म्हणणं विचारावं, असं एक बाई-सदस्य म्हणाल्या. मी म्हटलं, कशाला वाढवायचं.

तिला मीच सांगितलं. तिने त्या दिवशीची खिचडी वाढली, गंज, ते खिचडीचं मोठं पातेलं, घासून पालथा घातला, धान्याच्या खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. मला वाटलं, रडेल, दोन मुलींचं, वावराचं सांगेल, विनवेल. मी उत्तरंही तयार ठेवली होती. ती म्हणाली, "टीव्ही तुमचा, गुर्जी. अस्वल माहं हाय." आणि गेली.

तिच्या जागी दुसरी बाई आली. माहितीपट पुन्हा त्या हिंदी आवाजात लागू लागला. लेकरं झोपू लागली. मग चारच्या सुट्टीनंतर लेकरंच कुठेतरी नाहीशी होऊ लागली. चौकशी केली तर सगळी ओढ्याकाठी, बर्फमायच्या वावरात. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, ओळीने बसायची. टीव्ही नव्हता, तर तिने वावरातूनच सगळं उभं केलं होतं. पांढऱ्या मुळ्याचं अस्वल, दोन लहान मुळ्यांची पिल्लं, काळ्या लांबट वांग्याचा सील, फूलकोबीचे गड्डे म्हणजे बर्फाचे डोंगर. गोष्ट संपली की ज्याला अस्वल मिळायचं तो ते मीठ लावून खायचा. अध्यक्षांनी पालकांना सांगून पाहिलं, पोरांना तिकडे पाठवू नका, बाई बरी नाही. मग ते स्वतः धुऱ्यावर गेले. तिने हातातली पिल्लं खाली ठेवलीही नाहीत. म्हणाली, "माह्या वावरात म्या कोनासंग बोलाव, हे बी ठरावात लिवून आना भाऊ. मंग पाहू." अध्यक्ष परत आले. लेकरं जातच राहिली.

पुरस्कार मला मिळाला. वाशिमला कार्यक्रम झाला, शाल, नारळ, प्रमाणपत्र. निवेदकाने माझ्या अहवालातला डहाळ्याचा परिच्छेद वाचून दाखवला आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. ज्या डहाळ्यासाठी मी तिला अंधश्रद्ध ठरवलं, त्याच डहाळ्यासाठी मला कल्पक ठरवण्यात आलं. परतताना भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो होतो, शाल अंगावरच होती. ओढ्याच्या वळणावर धुऱ्यावरची लेकरं दिसली. एका पोरीने हात वर करून मुळा दाखवला. भाचा म्हणाला, मामा, थांबायचं का. मी म्हटलं, चल.

निवृत्त झाल्यावर मी गावातच राहिलो. बाजारात तिच्याच भाजीच्या पालापुढून जावं लागे. ती मला भाजी द्यायची, वजन काट्याला चोख, वर चार मिरच्याही टाकायची. बोलायची मात्र नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घरी नेऊन कुरवाळल्या असत्या. मिरच्यांचं काय करायचं ते मला कळेना.

शेवटी धीर करून तीन वर्षांमागे तिच्या वावरात गेलो. सोबत ते प्रमाणपत्र नेलं, काचेच्या फ्रेमसकट. ती मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, हात जोडले, फ्रेम पुढे केली आणि म्हटलं, हे तुमचं आहे. तिने जुडीची गाठ मारली. म्हणाली, "इथी कोन हाय? मी अन हे मेथी. मेथीले सांगून काय फायदा, गुर्जी?" तिने पुढची जुडी उचलली. "काढलं तं चार लोकात ना? मंग बोला बी चार लोकात. सव्वीस जानेवारीले लोकं असते." फ्रेमकडे बोट करून म्हणाली, "अन हे तुमच्याच भितीवर राहू द्या. रोज दिसलं पायजे." मी ते परत आणलं. अजून माझ्या भिंतीवर आहे. मधल्या काळात मी शिक्षण विभागाला दोनदा अर्ज करून पुरस्कार परत घ्या म्हणून कळवलं. एका अर्जाला उत्तर आलं, की परत घेण्याची तरतूद नाही. दुसऱ्याला उत्तर नाही. तिसरा अर्ज या लेखासोबत जाणार आहे.

सव्वीस जानेवारी आली ती मी जाऊ दिली. हिंमत झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मी बोललो. झेंडावंदन झालं, कवायत झाली, माजी मुख्याध्यापक म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं. व्यासपीठावर अध्यक्ष होते. आता ते समितीवर नाहीत, पण गावात मान आहे. समोर लेकरं, मागे पालक, एका कडेला बाया. ती बायांमध्ये बसली होती. मी माईक धरला आणि सांगितलं, की वऱ्हाडी निवेदनाचा जो पुरस्कार मला मिळाला तो माझा नव्हे. शब्द बर्फमायचे होते, डहाळा तिचा होता, मी फक्त उतरवून घेतलं आणि खाली माझं नाव घातलं. संपलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. सूत्रसंचालक म्हणाले, गुरुजींच्या मनाचा हा मोठेपणा. लोक माना डोलावू लागले. मला हलकं वाटलं. मी खुर्चीकडे वळलो.

"गुर्जी, अर्धंच झालं."

ती उभी राहिली होती. ओरडली नाही, साठी उलटलेली बाई, पण शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची सवय, माईक लागला नाही. म्हणाली, "सायेबाले काय सांगतलं, अन मले काढाचा कागद कोनं लिवला, ते बी सांगा."

मी ते गाळलं होतं. ठरवून गाळलं होतं. चोरी कबूल केली की माणूस मोठ्या मनाचा ठरतो, हे मला आतून माहीत होतं. आणि ठरलोही होतो. लोक माझ्याकडे बघत होते. मी पुन्हा माईकजवळ गेलो. सांगितलं, की मला सगळं माहीत असताना मी साहेबांपुढे नाही म्हटलं. ती अंधश्रद्धा पसरवते हे शब्द मी लिहिले. ठरावाचं अक्षर माझं आहे आणि दुसरी सही माझी आहे. तिचं म्हणणं ऐकून घेऊ नये असं मीच सुचवलं. या वेळी टाळी वाजली नाही. कोणीतरी लेकरांना लाडू वाटायला घ्या म्हणून खुणावत होतं. मी माईकजवळ तसाच उभा राहिलो.

"बसा आता, गुर्जी," ती म्हणाली. "लय वेळचे उभे आहा."

मी बसलो. गावाने नंतर यातला आपल्या सोयीचा अर्धा भाग ठेवला, टाळ्यांचा. व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे तो तोच. उरलेला अर्धा मी इथे लिहून ठेवला आहे, आणि ठरावाखाली आणखी पाच सह्या आहेत हेही लिहितो. त्यातल्या चौघांना हे वाचून राग येईल. यावा. पाचवे वारले, त्यांच्या मुलांना येईल. त्यांनीही माझ्या घरी यावं, ठरावाची नक्कल मी काढून ठेवली आहे.

पण मी बसलो तेव्हा ती बसली नव्हती. तिने व्यासपीठावर, माझ्या शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं, जिथे अध्यक्ष गळ्यातल्या हारातली फुलं खुडत होते.

"भाऊ," ती म्हणाली, "पहिली सही तुमची हाय. आता तुमी उठा."

अध्यक्षांनी ऐकलंच नाही असं केलं. सूत्रसंचालकांनी घाईघाईने आभाराचा कागद उलगडला. बायांमधून कोणीतरी तिचा पदर ओढला, बस म्हणून. तिने पदर सोडवून घेतला.

"मले घाई नाई," ती म्हणाली. "मी उभी आहो."